घोणस आणि फुरसे : एकाच कुळाची दोन विषं

आमच्या माहुलमध्ये एका बाजूला खाडीची दलदल, दुसऱ्या बाजूला ट्रॉम्बेची टेकडी. झाडी, दगडांच्या राशी आणि उंदीर यांना तोटा नाही. त्यामुळे सापाचा विषय निघतोच, आणि घोणस किंवा फुरसे यांचं नाव आलं की कुणीतरी म्हणतं, ‘दोन्ही सारखेच, रक्तावर जाणारे!’ हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. आणि जे राहून जातं, त्यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो.

घोणस, फुरसे आणि सह्याद्रीतला हिरवा चापडा हे तिघं एकाच कुळातले. लांब आणि मिटवून ठेवता येणारे विषदंत ही त्यांची खूण. त्यातही घोणस आणि फुरसे एकमेकांना अधिक जवळचे. चापड्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो, म्हणून त्याची शाखा वेगळी मानतात.

सापाचं विष म्हणजे एकच रसायन नव्हे. ते अनेक प्रथिनांचं मिश्रण असतं. गोडा मसाला घरोघरी असतो, जिन्नसही बहुतेक तेच असतात, पण प्रमाण बदललं की चव बदलते. विषाचं तसंच आहे.

आपलं रक्त गोठतं ते एका साखळीने. एक घटक दुसऱ्याला जागं करतो. घोणसाचं विष या साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या क्रमांकाच्या घटकांना डिवचतं. फुरशाच्या विषातलं एकॅरिन नावाचं प्रथिन मधल्या पायऱ्या ओलांडून थेट प्रोथ्रॉम्बिनवर काम करतं. वाटा दोन, परिणाम एकच. रक्त गोठवणारे घटक भलतीकडेच खर्ची पडतात, साठा संपतो आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. याखेरीज फुरशाच्या विषात रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरणारी प्रथिनं भरपूर असतात. घोणसाच्या विषात फॉस्फोलायपेज या गटातली प्रथिनं मोठ्या प्रमाणात असतात आणि त्याच्या दंशात मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका मोठा असतो.

याच गुणांचा माणसाने उपयोगही करून घेतला. १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट या इंग्लंडमधल्या संशोधकांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी घोणसाचं विष वरून लावून पाहिलं. फुरशाच्या विषातल्या एका छोट्या प्रथिनावरून टिरोफिबान हे हृदयविकारातलं औषध सुचलं.

आता लशीकडे वळू. भारतातली सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची विषं घोड्यांना थोडी थोडी टोचून तयार होते. चापडा त्यात नाही. ही विषं मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला लोकांच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतात. पण प्रांत बदलला की एकाच जातीच्या सापाचं विषही बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ साली देशातल्या निरनिराळ्या भागांतल्या घोणसांची विषं तपासली, तेव्हा काही ठिकाणच्या विषापुढे बाजारातली लस अपुरी पडत असल्याचं दिसलं. म्हणून प्रांतवार लस हवी, हा आग्रह रास्त आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

तोवर हाताशी असलेली लसच जीव वाचवते, मात्र ती वेळेवर मिळायला हवी. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर विष भिनलं आहे असं डॉक्टर समजतात. घोणस असो वा फुरसे, ही साधी चाचणी दोघांनाही लागू पडते. ती पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण परिणाम उशिराही दिसू शकतो. म्हणून बरं वाटलं तरी २४ तास रुग्णालयातून हलू नये.

जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला धीर द्या आणि थेट रुग्णालय गाठा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)