ड्युटी भरली कुणी आणि कागद कुणाच्या नावावर?

परदेशातून थोडाथोडा माल मागवायचा आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ऑनलाइन विकायचा, हा धंदा आज तालुक्याच्या गावातही घरच्या घरी चालतो. तो उभा करणाऱ्या मुलामुलींचं मला मनापासून कौतुक वाटतं. म्हणूनच, खपणारा माल हाताशी असूनही केवळ आयातकराचा हिशेब चुकल्यामुळे कुणाचं भांडवल अडकलं की जीव हळहळतो. त्यातल्या बऱ्याच चुका ऐकीव माहितीतून होतात.

‘माल थोडाच आहे, एवढ्याला कुठे ड्युटी लागते?’ हा समज बराचसा परदेशी व्हिडिओंतून आला आहे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयातशुल्क माफ होतं. ती सवलत तिथेही २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. भारतात विक्रीसाठी आणलेल्या मालाला अशी रकमेची माफी नाहीच. पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहूनही सुटका होत नाही. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंपैकी फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधं शुल्कमुक्त आहेत. विमानाने येताना बॅगेत मिळणारी सूटही प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या सामानासाठी असते. पन्नास एकसारखी घड्याळं निघाली, तर ती कुणी स्वतःसाठी आणली असं मानणार नाही.

आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, फक्त मोठ्या कंपन्यांना लागतो असंही अनेकांना वाटतं. धंद्यासाठी माल आणणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क ५०० रुपये आणि क्रमांक तुमच्या पॅनचाच. फक्त दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, माहितीत काही बदल नसला तरी. हे राहून गेलं की कोड निष्क्रिय होतो आणि ते नेमकं माल बंदरात आल्यावर कळतं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण सगळ्यात महाग गैरसमज इथे आहे. ‘ड्युटी २० टक्के, जीएसटी १८ टक्के, म्हणजे बिलावर ३८ टक्के’ असा हिशेब लोक करतात. शुल्क मात्र नुसत्या बिलावर लागत नाही, ते मालाची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. समजा माल ९०,००० रुपयांचा, भाडं आणि विमा १०,०००. म्हणजे मूल्य एक लाख. त्यावर २० टक्के मूळ सीमाशुल्क २०,०००. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार २,०००. झाले १,२२,०००. आता या सगळ्या रकमेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे २१,९६०. एकूण कर ४३,९६० रुपये, तुमच्या मूळ बिलाच्या जवळजवळ निम्मा.

पण हे सगळे पैसे गेले, असंही नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर २१,९६० रुपयांची वजावट मिळते. तोच माल १,६०,००० अधिक जीएसटी असा विकला, तर ग्राहकाकडून २८,८०० रुपये कर येतो आणि सरकारला रोख भरायचे उरतात ६,८४०. म्हणजे मालाचा खरा पडता भाव १,२२,००० आणि नोंदणी नसेल तर १,४३,९६०. ‘माझी उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, मला जीएसटीशी काय देणंघेणं’ म्हणणाऱ्यांनी हा फरक आधी मांडून बघावा. आयातीवर आयजीएसटी सगळ्यांनाच भरावा लागतो, वजावट मात्र नोंदणी असलेल्यालाच. शिवाय कोल्हापूरहून पणजीला, म्हणजे दुसऱ्या राज्यात माल विकला, की ४० लाखांची ती मर्यादा लागू होत नाही आणि नोंदणी घ्यावीच लागते.

ही वजावट मिळते ती बिल ऑफ एंट्रीवर. तो कागद तुमच्या आयईसीवर आणि तुमच्या जीएसटी क्रमांकावर हवा. ‘ड्युटीसकट घरपोच, किलोला इतके’ असं सांगणारे एजंट सोयीचे वाटतात, पण ते अनेकांचा माल एकत्र करून तिसऱ्याच नावाने सोडवतात. मग तुमच्या हातात उरतो फक्त खोका. वजावट गेली, आणि चौकशी आली तर दाखवायला कागद नाही. घड्याळांसारख्या मालात तर हे फारच जोखमीचं. सीमाशुल्क कायदा, १९६२ मधलं कलम १२३ सांगतं, की तस्करीचा असल्याच्या रास्त संशयावरून सोनं किंवा घड्याळं जप्त झाली, तर माल तसा नाही हे ज्याच्या ताब्यात तो सापडला त्यानेच सिद्ध करायचं. म्हणून पैसे पाठवण्याआधी एजंटला एकच प्रश्न विचारा: बिल ऑफ एंट्री माझ्या नावाने येईल का? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा शोधा.

बिलाची रक्कम कमी दाखवायचा सल्ला पुरवठादार स्वतःहून देतात. तो ऐकू नका. तशाच मालाच्या इतर आयातींचे भाव कस्टम्सकडे असतात आणि तुम्ही पाठवलेली खरी रक्कम बँकेत नोंदलेली असते. मुद्दाम लपवलेल्या बाबतीत पाच वर्षं मागे जाऊन मागणी येऊ शकते आणि त्यावर व्याज व दंडही. दुबईहून मागवलं की करार असल्याने शुल्क कमी, हाही अर्धवट समज आहे. सवलत माल कुठे बनला यावर मिळते. चीनमध्ये बनलेली वस्तू दुबईहून आली तरी ती चिनीच.

आणि कर भरला म्हणजे माल सुटलाच, असं धरून चालू नका. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, सौंदर्यप्रसाधनांची आधी नोंदणी लागते. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देश छापलेला हवा. यातलं काही नसेल, तर ड्युटीचे पैसे तयार ठेवूनही माल गोदामात पडून राहतो आणि भाडं चढत जातं.

वस्तू कोणत्या शीर्षकाखाली येते, हे कस्टम्स ठरवून देईल म्हणून थांबू नका. २०११ पासून स्वयंनिर्धारण आहे, म्हणजे वर्गीकरण आणि दर आयातदारानेच जाहीर करायचे. नमुन्याचा फोटो आणि माहितीपत्रक घेऊन ऑर्डरच्या आधीच कस्टम्स ब्रोकरकडे जा, आठ आकडी कोड आणि त्याचा आजचा दर लिहून घ्या. चुकून जास्त शुल्क भरलं गेलंच, तर एक वर्षाच्या आत परताव्याचा अर्ज करता येतो.