विश्लेषण : एसी की स्वच्छ शौचालय? ग्लॅम्पिंगमध्ये पाहुण्यांना नेमके काय द्यावे?

भंडारदरा, पवना, इगतपुरी परिसरात साध्या तंबूंच्या जागी आता पलंग, गादी आणि न्हाणीघर असलेले आलिशान तंबू दिसू लागले आहेत. अनेक ठिकाणी जमीन शेतकऱ्याची आणि पैसा कर्जाचा असतो. त्यामुळे पहिला प्रश्न येतो तो सुविधांचा. काय द्यायचे आणि काय टाळायचे, हे ठरवायचे कसे?

ग्लॅम्पिंग म्हणजे काय?

‘ग्लॅमरस’ आणि ‘कॅम्पिंग’ या दोन शब्दांपासून ‘ग्लॅम्पिंग’ तयार झाला. निसर्गात राहायचे, पण जमिनीवर सतरंजी टाकून नव्हे, ही त्यामागची कल्पना. म्हणजे पाहुणा हॉटेलपेक्षा कमी आणि तंबूपेक्षा जास्त काहीतरी मागत असतो. नेमके किती जास्त, यावरच धंद्याचे गणित ठरते.

एसी परवडतो का?

समजा, भंडारदऱ्याजवळ कोणी सहा तंबू उभारले. प्रत्येकात दीड टनाचा एसी बसवला, तर एकूण भार साधारण 9 किलोवॉट होतो. कापडी भिंती गारवा धरून ठेवत नाहीत, त्यामुळे कॉम्प्रेसर फारसा थांबत नाही. आठ तासांच्या रात्रीत एका तंबूला 10 युनिट धरले, तर सहा तंबूंना 60 युनिट लागतात. घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज गेली की हा भार जनरेटरवर येतो. छोटा डिझेल जनरेटर लिटरमागे साधारण 3 ते साडेतीन युनिट देतो. म्हणजे रात्रीला 17 ते 20 लिटर डिझेल, शिवाय रात्रभर घरघर.

याउलट बीएलडीसी पंखा 30 ते 35 वॉटवर चालतो. सहा पंखे आणि दिवे एका चांगल्या इन्व्हर्टरवर रात्र काढतात. तंबूवर सावलीसाठी दुसरे छत आणि आरपार वाऱ्यासाठी जाळीच्या खिडक्या केल्या, तर मे महिना वगळता एसीची गरज क्वचितच भासते.

मग पैसा कुठे घालावा?

शौचालय, कोरडे अंथरूण आणि गरम पाणी, या क्रमाने. शौचालय अस्वच्छ असेल तर सुंदर सूर्यास्तही पाहुण्याला पुन्हा आणत नाही. कुटुंबे आणि महिलांचे गट तर आधी त्याचीच चौकशी करतात. सेप्टिक टाकी किंवा बायोडायजेस्टर बसवताना विहीर आणि ओढा उताराच्या कोणत्या बाजूला आहे, हे पाहावेच लागते. सांडपाणी धरणात गेले तर नुकसान सगळ्या गावाचे होते.

सहा तंबूंत दोन-दोन किलोवॉटचे गीझर सकाळी सातला एकदम सुरू झाले, तर 12 किलोवॉटचा भार येतो. त्याऐवजी छपरावर सामाईक सौर हीटर आणि ढगाळ दिवसांसाठी आपला जुना बंब, ही जोडी स्वस्त पडते.

बाथटब, जकुझीचे काय?

शहरी मापदंड माणशी रोज 135 लिटर पाण्याचा आहे. त्या हिशेबाने 12 पाहुण्यांना सुमारे 1,600 लिटर लागतात. एक छोटी जकुझी भरायलाच जवळपास हजार लिटर जातात. धरण समोर दिसते, पण त्यातले पाणी परवानगीशिवाय उचलता येत नाही. उन्हाळ्यात सह्याद्रीतील अनेक वाड्या-वस्त्यांवर हंड्यासाठी पायपीट चालते. अशा ठिकाणी टँकरने भरलेला टब शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणारच.

दिवे आणि गाणी किती?

भंडारदऱ्याला मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत गर्दी होते ती काजव्यांसाठी. काजवे जोडीदाराला प्रकाशानेच खुणावतात. झगमगत्या दिव्यांत ही खूण हरवते, म्हणजे ज्यासाठी पाहुणा आला तेच सुविधेपायी जाते. पायवाटेवर गुडघ्याखाली, जमिनीकडे तोंड केलेले मंद पिवळे दिवे पुरतात. काजव्यांच्या हंगामात तेही लवकर मालवावेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच बंदी आहे.

जेवणात पनीर टिक्का हवाच का?

तो शहरातही मिळतो. बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्या अकोले तालुक्यात स्थानिक भात, वाल आणि नाचणी आहे. गावातल्याच महिलांनी केलेली भाकरी, पिठले, ठेचा आणि वालाची आमटी यांत खर्च कमी आणि पैसा गावात राहतो. मात्र अन्न देणाऱ्याला एफएसएसएआयची नोंदणी लागते. परवान्याशिवाय मद्य देता येत नाही.

कोणत्या बाबतीत तडजोड नको?

सुरक्षेच्या. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दमन येथे बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे 8 पर्यटक दगावले. म्हणून थंडीत तंबूत शेगडी किंवा गॅस हीटर कधीही देऊ नये. जाड रजई आणि गरम पाण्याची पिशवी द्यावी. मण्यार बहुतेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्यामुळे उंच खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी ही चैन नाही. अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता आणि 108 क्रमांक प्रत्येक तंबूत लिहिलेला हवा. नौकाविहार असेल तर लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही होडीत घेऊ नये.

सुरुवात कशी करावी?

शेतकऱ्यांना राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचे नियम आधी पाहावेत. सहाऐवजी दोन तंबूंनी सुरुवात केली, तर एक पावसाळा काढल्यावर काय गळते आणि काय कमी पडते ते कळते. शनिवार-रविवार तंबू भरतात, मंगळवारी रिकामे राहतात; कर्जाचा हप्ता मात्र महिनाभराचा असतो. जाहिरातीत काय आहे याबरोबर काय नाही, हेही लिहावे. ‘एसी नाही, रात्री दहानंतर शांतता’ असे आधीच वाचून आलेला पाहुणा सहसा तक्रार करत नाही. आणि पहिली नोंदणी घेण्याआधी मालकाने स्वतः कुटुंबासह भर पावसातली एक रात्र त्या तंबूत काढावी. सुविधांची खरी यादी सकाळी तयार होईल.