उडत्या पाखरांचे छायाचित्र

मुलांनो, पैठणचा नाथसागर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गोदावरीवरील जायकवाडी धरणाचा हा जलाशय. १९८६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात येथे तलवार बदके व चक्रवाक येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतात.

उडत्या पक्ष्याचा फोटो काढायचा असेल, तर पहाटेच पूर्वेकडील काठावर जाऊन बसा. म्हणजे सूर्य पाठीशी राहील. पाणपक्षी सहसा वाऱ्याकडे तोंड करून उडतात. त्यामुळे वाराही पाठीमागून येत असेल, तर थवा तुमच्याच दिशेने झेपावेल. पंख वेगाने हलतात, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच उघडावा लागतो. धुक्यात त्याला पुरेसा प्रकाश मिळत नाही. ऊन येईपर्यंत थांबा. पक्षी उडाला, की कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत बटण दाबा.

मात्र खडा मारून थवा कधीही उडवू नका. हे पाहुणे येथे खाऊन अंगात चरबी साठवतात. परतीच्या प्रवासात तीच त्यांची शिदोरी असते. त्यांना उगाच उडवले, तर ती वाया जाते. फोटो आज नाही मिळाला, तर उद्या मिळेल.