हिवाळ्यांतील प्रकाश आणि पक्ष्यांचें छायाचित्र

नाताळच्या सुट्टींत आपल्यापैकीं पुष्कळ जण पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे सहलीस जातात. वाटेंत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. या धरणाविरुद्ध १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला व पुढें सेनापति बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें. जेथें एके काळीं भातशेतें होतीं, तेथें आज पाणकावळे, बगळे, खंड्या आणि धोबी हे पक्षी आढळतात. हातीं कॅमेरा असला म्हणजे त्यांचें चित्र घेण्याचा मोह होतोच. परंतु घरीं येऊन पाहावें, तों बगळ्याच्या जागीं पांढरा डाग व पाणकावळ्याच्या जागीं काळा डाग! असें कां होतें, याचा थोडा विचार करूं.

पहिली अडचण अपुऱ्या प्रकाशाची. रात्रीं थंड व जड झालेली हवा डोंगरउतारांवरून खोऱ्यांत साचते आणि जलाशयावर धुकें धरतें. शिवाय या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारींही तो येथें क्षितिजापासून सुमारें ४८ अंशच वर येतो. समजा, लख्ख उन्हांत आय. एस. ओ. ४०० व छिद्राचा आंकडा ८ ठेवला, तर शटर सेकंदाचा १६०० वा भाग उघडलें तरी पुरतें. धुक्यांत प्रकाश सोळावा हिस्साच उरला, तर तेंच शटर सेकंदाचा १०० वा भाग उघडें ठेवावें लागेल. तेवढ्यांत उडता पक्षी पुढें सरकतो व चित्र पुसट होतें. अशा वेळीं छिद्राचा आंकडा ५.६ करावा, म्हणजे प्रकाश दुप्पट मिळेल; आय. एस. ओ. १६०० करावा, म्हणजे संवेदनक्षमता चौपट होईल. मग शटर सेकंदाच्या ८०० व्या भागावर आणतां येतें. चित्रांत थोडे कण दिसतील खरे. पण कण चालतील, पुसटपणा चालणार नाहीं.

दुसरी अडचण प्रकाशमापकाच्या भोळेपणाची. समोरचें सारें दृश्य मध्यम करड्या रंगाचें आहे, असें तो गृहीत धरतो. काळसर पाण्यावर शुभ्र बगळा उभा असला, कीं तो अंधार समजून प्रकाश वाढवितो आणि पिसांचे बारकावे नाहींसे होतात; म्हणून तेथें आपण प्रकाश एक पायरी कमी करावा. उलट, उजळ धुक्यापुढें पाणकावळा बसला असेल, तर एक पायरी वाढवावा. तसेंच, सकाळीं सूर्य आपल्या पाठीशीं राहील अशी जागा आधींच हेरून ठेवावी.

तिसरी अडचण यंत्राची नव्हे, मनाची आहे. एके सकाळीं करडा धोबी पाण्याकांठीं किडे टिपीत होता. चित्र मोठें यावें म्हणून मी पुढें सरकलों; तो उडाला व थोडा दूर बसला. मी पुन्हां सरकलों. तिसऱ्या वेळीं तो पाणी ओलांडून निघून गेला. चित्र तर मिळालें नाहींच. पण त्याहून मोठी चूक मला मागाहून कळली. या पक्ष्याचें वजन अवघें वीस ग्रॅमच्या आसपास. लांब, थंड रात्रीं शरीर उबदार राखण्यांत त्याची शिदोरी संपते आणि पहाटेचें खाणें हाच त्याचा आधार असतो. माझ्या हौसेपायीं मी त्याला तीनदां न्याहारीवरून उठविलें होतें.

इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं रानांतील घरट्याचें व अंड्यांचें छायाचित्र घेतलें. पुढें पक्षी बिचकूं नयेत म्हणून ते पोकळ बैलाच्या सांगाड्यांत तासन्‌तास लपून बसत. आपणांस बैल नको. झुडपाआड स्वस्थ बसण्याची संवय पुरे. आपण हललों नाहीं, तर पक्षी पुष्कळदां स्वतःच जवळ येतो. नच आला, तर डोळ्यांनीं पाहून घ्यावें व घरीं परतावें. सृष्टिकर्त्यानें निर्मिलेला तो लहानगा जीव सुखानें जेवला, तर रिकाम्या हातांनीं परतण्यांतही उणेपणा नाहीं.