टोपीवाचून अडलेलं काडतूस

जुलै २०२३ मधला तो आठवडा तुम्हाला नक्की आठवत असेल. भारताने २० जुलैला बासमती सोडून बाकीच्या पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि इथे अमेरिकेत आपल्या किराणा दुकानांसमोर रांगा लागल्या. लोक सोना मसुरीची वीस-वीस पौंडांची चार-चार पोती ट्रॉलीत टाकत होते. मीही दोन उचलली. घरात आम्ही माणसं दोन, आणि भात आठवड्यातून फार तर तीनदा!

सोमवारी विभागाच्या वर्कशॉपमध्ये ही गोष्ट सांगितली, तर आमचे मशीनिस्ट खो-खो हसले. साठी ओलांडलेले गृहस्थ आहेत, माझ्या प्रयोगांसाठी लागणारे चित्रविचित्र सुटे भाग तेच बनवून देतात. म्हणाले, "आता समजलं का, मी तीन वर्षं काय भोगतोय ते?"

ते भोगत होते काडतुसांची टंचाई. शनिवारी क्लबच्या रेंजवर जाऊन कागदी निशाणावर गोळ्या मारणं आणि त्यासाठीची काडतुसं घरी स्वतः भरणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा छंद. तुमच्यापैकी अनेकांना बंदूक या शब्दानेच अस्वस्थ वाटेल. मलाही वाटायचं. बंदुकीच्या कायद्यांवर इथे मी काही म्हणणार नाही. पण एक कोडं रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला सोडवत नव्हतं. स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या २०१८ च्या अंदाजानुसार या देशात नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. इतकं मोठं गिऱ्हाईक असताना माल वर्षानुवर्षं मिळत नाही, हे होतं कसं?

त्यासाठी आधी काडतूस उघडून बघू. त्यात चार वस्तू असतात. पुंगळी पितळेची, साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. तिच्या तोंडाशी बसवलेली गोळी, बहुधा आत शिसं आणि वरून तांब्याचं आवरण. पोटात दारू (प्यायची नव्हे). आणि बुडाशी एक चिमुकली धातूची वाटी, तिचं नाव प्राइमर. जुन्या ठासणीच्या बंदुकांना 'टोपी' लावायचे, तिचीच ही नात. पिस्तुलाच्या छोट्या प्राइमरचा व्यास जेमतेम साडेचार मिलिमीटर असतो. चाप ओढला की पिन त्या वाटीवर आपटते, आतलं मिश्रण भडकतं, त्याच्या ठिणग्या दारूला पेटवतात आणि दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो.

गोळी उडाल्यावर पुंगळी मागे उरते. पितळ मोठं गुणी! दाबाने फुगून चेंबरला घट्ट बसतं, दाब ओसरला की किंचित आकसून सुटं होतं. म्हणून ती पुंगळी पुन्हा वापरता येते. जुना प्राइमर ठोकून काढायचा, पुंगळी साच्यातून दाबून मापात आणायची, नवा प्राइमर बसवायचा, तोलून दारू घालायची, वर गोळी बसवायची. याला म्हणतात रीलोडिंग. काही जण ते पैसे वाचवायला करतात, पण आमच्या मशीनिस्टांसारखे लोक अचूकतेसाठी करतात. शंभर काडतुसं तंतोतंत सारखी झाली पाहिजेत, हा हट्ट.

तुम्ही म्हणाल, मग टंचाईत यांना काय कमी? घरीच तर भरतात! मलाही तसंच वाटलं होतं. पुंगळ्या त्यांच्याकडे बादलीभर आहेत. शिसं वितळवून गोळ्या ओतताही येतात. दारू एक पौंड आणली की त्यात ७००० ग्रेन असतात, नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाला एका वेळी पाचेक ग्रेन लागते, म्हणजे हजारावर काडतुसं निघतात. गाडी अडते ती प्राइमरवर. ही वाटी परत वापरता येत नाही आणि घरी बनवणं म्हणजे हात गमावण्याची तयारी. तिच्यातला मुख्य पदार्थ असतो लेड स्टिफनेट, जो घर्षणाने, ठिणगीने, अंगावरच्या स्थिर विजेनेसुद्धा भडकतो. कारखान्यातही तो ओल्या लगद्याच्या रूपातच हाताळतात, कारण कोरडा झाला की त्याचा भरवसा नाही. अशा कारखान्याचे परवाने, इमारतींमधली अंतरं, शिकवून तयार केलेले कामगार, यांतलं काहीच सहा महिन्यांत उभं राहत नाही.

अमेरिकेत प्राइमरचे मोठे देशी ब्रँड चार: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यातल्या फेडरलचा कारखाना आमच्या मिनेसोटातच, अनोका गावी आहे. जुलै २०२० मध्ये, म्हणजे मागणी आभाळाला भिडलेली असताना, रेमिंग्टनने दिवाळखोरी जाहीर केली. तिचा काडतुसांचा धंदा व्हिस्टा आउटडोर कंपनीने घेतला. सीसीआय आणि फेडरल आधीपासून व्हिस्टाकडेच होते, म्हणजे चारांतले तीन एका घरात आले. (नोव्हेंबर २०२४ मध्ये ते सगळं घर चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक कंपनीने विकत घेतलं.) आणि कारखान्यात प्राइमर कमी पडले की ते आधी कुठे जातात? स्वतःच्या तयार काडतुसांत, कारण नफा तिथे जास्त. सुटे प्राइमर विकायला उरले तर उरले. त्यामुळे पंक्तीत रीलोडर सगळ्यात शेवटी बसतो.

आता मागणीकडे बघा. २०२० मध्ये साथ आली, दंगली झाल्या, निवडणूक आली. एफबीआयच्या बंदूक-खरेदी तपासणीचा आकडा २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख होता, तो २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांवर गेला. बंदूक उद्योगाच्या संघटनेचा अंदाज असा, की त्या वर्षी ८० लाखांहून जास्त लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. प्रत्येकाने पन्नासाची फक्त दोन खोकी घेतली असं धरा. झाली ८० कोटी काडतुसं! यातला एकही माणूस साठेबाज नाही.

साठा मात्र बाकीच्यांनी केला. समजा एका दुकानाची शंभर नेहमीची गिऱ्हाइकं आहेत आणि प्रत्येक जण घरी एक महिन्याचा माल ठेवतो. एका सकाळी सगळे ठरवतात, आता दोन महिन्यांचा ठेवू. त्या महिन्यात मागणी थेट दुप्पट होते, आणि रेंजवर मात्र एकही गोळी जास्त उडालेली नसते! फडताळ रिकामं दिसलं की उरलेल्यांना वाटतं, तीन महिन्यांचा ठेवलेला बरा. रिकामं फडताळ हीच जाहिरात होते. माझ्या दोन पोत्यांनी हेच केलं होतं. फरक इतकाच, की तांदळाच्या रांगा लवकर ओसरल्या, कारण कोलम नाही तर बासमती, ते नाही तर थायलंडचा तांदूळ, कशानेही पोट भरतं. प्राइमरला पर्यायच नाही. २०१९ मध्ये हजार प्राइमरचं खोकं तीस-पस्तीस डॉलरला मिळायचं. २०२१ मध्ये खासगी विक्रीत त्याचे शंभराहून जास्त मोजणारे लोक होते.

मग कारखाने का वाढवत नाहीत? कारण ही लाट ओसरते हे त्यांना पाठ आहे. २००८ ची निवडणूक, डिसेंबर २०१२ मधलं सँडी हुक शाळेतलं हत्याकांड, दर वेळी कायदे कडक होण्याच्या भीतीने खरेदी उसळली आणि मग कोसळली. रेमिंग्टन तर २०१८ मध्ये, मंदीच्या काळात, आधीच एकदा दिवाळखोरीत जाऊन आली होती. कोट्यवधी डॉलर घालून नवा कारखाना उभा करायचा, आणि तो सुरू होईपर्यंत लोकांची तळघरं भरलेली असायची. तुमच्या पैशांवर तुम्ही हा जुगार खेळाल का?

२०१३ च्या टंचाईत अफवाही भरपूर होत्या. सरकारच मुद्दाम काडतुसं उचलतंय ही सगळ्यात लाडकी. शेवटी काँग्रेसच्या जीएओ या तपास संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, की अंतर्गत सुरक्षा खात्याची काडतूसखरेदी २००९ पासून उलट कमीच होत गेली आहे. दुसरी अफवा अशी, की मिझुरीमधला हर्क्युलेनियमचा शिसं गाळण्याचा कारखाना २०१३ च्या अखेरीस बंद झाला, आता गोळ्याच बनणार नाहीत. खनिजापासून शिसं काढणारा तो देशातला शेवटचा मोठा कारखाना होता हे खरं, पण गोळ्यांना बहुतेक शिसं पुनर्वापराचं, जुन्या बॅटऱ्या वितळवून काढलेलंच चालतं.

त्या वर्षी सगळ्यात जास्त हाल झाले .२२ रिमफायरच्या लोकांचे. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, ते याच छोट्या काडतुसावर. त्याला वेगळा प्राइमर नसतो, स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं आणि पिन तो काठ चेपते. म्हणून ते परत भरता येत नाही. टंचाई आली की .२२ वाल्यांना रीलोडिंगची पळवाटसुद्धा नाही, आणि मुलं नेमबाजी शिकतात ती याच काडतुसावर. आमच्या सहकाऱ्याची मुलगी शाळेच्या ट्रॅप संघात आहे, ती उडत्या तबकड्यांवर शॉटगन चालवते. एक फेरी म्हणजे पंचवीस तबकड्या, पंचवीस काडतुसं. २०२१ मध्ये पालकांनी दुकानं वाटून घेतली होती, कारण पाटी होती 'एका गिऱ्हाइकाला एकच खोकं'.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते.

२०२१ च्या हिवाळ्यात मशीनिस्टांनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावलं. त्यांच्या रायफलीची नेहमीची दारू संपली होती, दुकानात नव्हती. एका दिवंगत मित्राच्या सामानातून त्यांना एक बरणी मिळाली होती, वर पेन्सिलीने लिहिलेलं दारूचं नाव आणि क्रमांक. रंग तोच, वास तोच. मला म्हणाले, "तू पॉलिमरची डॉक्टर. हे सगळं शेवटी नायट्रोसेल्युलोजच ना? प्रयोगशाळेत तपासून सांग, ही तीच आहे का."

प्रयोगशाळेत असलं काही नेणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. पण खरी अडचण ती नव्हती. ही बिनधुराची दारू रसायन म्हणून खरंच सगळीकडे जवळजवळ सारखी असते. १८४६ मध्ये शॉनबाइनने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून गनकॉटन बनवला, १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने त्याला लगद्यासारखं मळून दाणे पाडले. सगळी करामत त्या दाण्यात आहे. पातळ पोहे पाण्यात लगेच भिजतात, जाड पोह्यांना वेळ लागतो. पोहे तेच, पृष्ठभाग वेगळा. दारूचंही तसंच. चपटे कण भसकन जळतात. मधे भोक असलेल्या बारीक नळ्या बाहेरून जळत लहान होतात आणि आतून जळत मोठ्या होतात, त्यामुळे जळण्याचा वेग बराचसा टिकून राहतो. वरून जळणं मंदावणारा लेप असतो, तो डोळ्याला दिसत नाही.

.३०८ या नेहमीच्या रायफल काडतुसात कमाल दाब ६२,००० पीएसआय धरतात. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण ३५ असतो. तो दाब तुमच्या गालापासून चार बोटांवर तयार होतो. दारू थोडी जास्त वेगाने जळणारी निघाली, तर त्याला पोलादाची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. उलट फारच कमी दाब झाला, तर गोळी नळीत अडकून राहते आणि पुढची तिच्यावर जाऊन आदळते.

भिंगाखाली आम्ही दोन्ही दाणे बघितले. नळ्या, सारख्याच लांबीच्या वाटल्या. मी खरं तर 'तीच दिसते' म्हणणारच होते. इतक्या विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाला 'मला सांगता येत नाही' म्हणायला पीएचडीनंतर जास्तच जड जातं. पण तेच म्हणाले. त्यांनी दोन मिनिटं बरणी हातात धरली, मग परसात जाऊन बर्फ वितळलेल्या गवतावर ती पातळ पसरून टाकली. नायट्रोजन आहे, गवताला चालतो. ते वर्ष त्यांनी रायफलीविना काढलं.

टंचाईचा हा भाग आकड्यांत येत नाही. बाजारात माल नसला की माणूस 'हे चालेल का?' असं विचारायला लागतो, आणि रीलोडिंगच्या टेबलावर त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं.

प्राइमर आता पुन्हा दिसतात, पण पूर्वीच्या भावात नाही. आणि गळा आवळणाऱ्या जागा आणखी मागे सरकल्या आहेत. माझं माहेर अकोल्याचं. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव तुम्हीही बघितली असेल, तिला लिंटर म्हणतात. नायट्रोसेल्युलोजसाठी तीच लागते, आणि युरोप त्यासाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहे. युक्रेन युद्धात तोफगोळ्यांना दारू लागते, मग रेंजवरच्या हौशी माणसाची दारू महागते. प्राइमरमध्ये अँटिमनीचं सल्फाइड असतं, शिसं कडक करायलाही अँटिमनी लागतं. जगातलं जवळजवळ निम्मं चीनच्या खाणींतून येतं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चीनने अमेरिकेला होणाऱ्या त्याच्या निर्यातीवर बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धात या देशाला अँटिमनी पुरवणारी आयडाहोमधली स्टिबनाइटची खाण आता परत उघडायची धडपड चालू आहे.

परवा मशीनिस्टांच्या गॅरेजमध्ये पुन्हा गेले होते. फळीवर प्राइमरची सहा खोकी होती, हजारी. वर्षाला किती लागतात विचारलं. म्हणाले, दीड हजार. मी काही बोलले नाही. माझ्या तळघरात सोना मसुरीचं दुसरं पोतं अजून न उघडलेलं आहे.