नारदाची गादी आणि रेव्हरंड टिळक

केजकडचा माणूस सप्ताहाच्या मांडवात, कीर्तनकार जिथे उभा राहतो त्या नारदाच्या गादीसमोर वाढतो. शेजारी अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे. या पट्ट्यात धर्म आधी कानावर पडतो, पोथी मागाहून हाती येते. रेव्हरंड नारायण वामन टिळक मी याच कानाने वाचले, आणि त्यांच्या धर्मांतरावरचे सगळे वाद मला अपुरे वाटू लागले.

ख्रिस्ती वक्ता आमच्या मराठवाड्याला नवा नव्हता. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेतही ते बोलले. टिळकांचं काम मात्र वेगळं आणि माझ्या मते जास्त अवघड होतं. त्यांना स्वतःच्याच माणसांशी बोलायचं होतं, तेही आईच्या बोलीत.

1861 साली कोकणात करजगावला जन्मलेला हा कवी नागपूरला असताना राजनांदगावच्या गाडीत बसला. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्याच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या, काही काळ पंढरपुरात. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना इथे माझं पान उलटत नाही. विठोबाच्या गावात बसून ही बाई नवऱ्याने देव बदलला म्हणून झुरत होती! पुढे दोघं एकत्र आली. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जातीचा विटाळ गेला, आणि मग 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्या वेळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीतंही गायली जात. नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी तिचा राजरस्ता केला. अभंग, ओवी, पद ही सगळी सामग्री त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी नेली. तुकोबांचा हात सोडून ते ख्रिस्ताकडे गेले नाहीत, तो धरूनच गेले. म्हणून त्यांचं भजन आमच्या कानाला परकं वाटत नाही. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी भाग त्यांनी सांभाळला. बालकवींना त्यांनी नगरच्या घरी मुलासारखं ठेवून घेतलं.

1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तिथे जागा होती. 9 मे 1919 रोजी ते गेले, तेव्हा ओवीबद्ध ‘ख्रिस्तायना’चे साडेदहा अध्यायच झाले होते.

पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्यांना अक्षरओळख लग्नानंतर झाली होती, आणि ती टिळकांनीच करून दिली होती.