टेबल टॉपर की फायनलचा हिरो?

वर्षभर पहिला नंबर राखायचा आणि शेवटच्या एका रात्रीत सगळं घालवायचं. मग चॅम्पियन म्हणायचं कुणाला? भिवंडीच्या टर्फवर सुरू झालेलं भांडण थेट मुंबई सिटी एफसी आणि आयपीएलपर्यंत पोचलं...

सात मॅच, सात विजय, एकवीस पॉइंट्स. बॉस, यापेक्षा जास्त काय करायचं?

भिवंडी बायपासच्या कडेला, गोडाउनांच्या रांगेमागे आमचं टर्फ. तिथे आठ टीमची ऑफिस लीग झाली. लॉजिस्टिकवाले, ई-कॉमर्सवाले, एक सीए ऑफिस, एक बँकवाली टीम आणि आम्ही अकाउंट्सवाले. दर शनिवारी रात्री फ्लडलाइटखाली फुटबॉल, मग टपरीवर चहा आणि अंडा-पाव. लीगमध्ये आम्ही कुणालाच सोडलं नाही. चौथ्या नंबरच्या टीमला तर ४-० ने धुतलं होतं. त्यांचे पॉइंट्स होते १०.

सेमीफायनलला समोर तेच आले. १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउट. दिवसभर डिस्पॅचवर उभा राहून आलेल्या आमच्या गोलकीपरच्या पायात गोळा आला. झालं! दहा पॉइंटवाले जिंकले, तासाभराने फायनलही त्यांनीच मारली आणि ती दीड फुटी सोनेरी ट्रॉफी आता त्यांच्या रिसेप्शनवर ठेवलेली आहे.

त्या रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही. ‘तुम्ही चॅम्पियन कसले?’ ‘मग सेमीफायनल कशाला खेळलात?’ शेवटी ठरलं की पुढच्या सीझनचा फॉरमॅट मतदान घेऊन ठरवायचा. मतदानाआधी दोन्ही बाजू मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणून जरा डोकं लावून बसलो, आणि लक्षात आलं की हा घोळ फक्त आमच्या टर्फवरचा नाही.

साखळी की बाद?

आपल्याकडे दोन्ही पद्धतींना फार सोपी नावं आहेत. सगळे सगळ्यांशी खेळणार ती साखळी. हरला तो घरी जाणार ती बाद पद्धत.

भिवंडी तालुक्यातल्या गावांमध्ये कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा बघत आम्ही मोठे झालो. तिथे सगळा कारभार बाद पद्धतीचा. मैदान दोन-तीन दिवसच मिळणार, टीम ढीगभर येणार, म्हणजे साखळीला वेळच नाही. त्यावर कुणी तक्रारही करत नाही, कारण गावातली स्पर्धा ‘वर्षातली सर्वोत्तम टीम कोण’ असं विचारतच नाही. ती विचारते, ‘आज कोण?’

गडबड होते ती दोन्ही एकत्र आल्यावर. आधी चार-पाच महिने साखळी खेळवायची, टेबल लावायचं आणि शेवटी तेच टेबल गुंडाळून प्लेऑफ घ्यायचा. भिवंडीत मागावर मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या हिशोबाने. वर्षभराचं कापड बाजूला ठेवून शेवटच्या पाळीतला एकच तागा मोजायचा म्हटलं, तर कुठला कारागीर ऐकून घेईल?

मुंबई सिटीची दोन वर्षं

याचं सगळ्यात ताजं आणि आपल्या घरचं उदाहरण म्हणजे मुंबई सिटी एफसी. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा विजेता प्लेऑफमधूनच ठरायचा. टेबलमध्ये पहिल्या आलेल्या टीमसाठी वेगळी ‘लीग विनर्स शील्ड’ आली ती २०१९-२० च्या सीझनपासून. पहिल्याच वर्षी शील्ड गेली एफसी गोवाकडे आणि कप एटीकेकडे. म्हणजे भांडणाला मुहूर्त मिळाला! पुढच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, मुंबई सिटीने दोन्ही मारलं आणि कुणाला काही बोलायला जागाच ठेवली नाही.

मग आला २०२२-२३ चा सीझन. २० मॅचमध्ये ४६ पॉइंट्स, सलग १८ मॅच न हरता. शील्ड तर शेवटच्या मॅचच्या आधीच खिशात. ७ मार्च २०२३ ला सेमीफायनलची पहिली लढत अंधेरीत होती. आम्ही चौघे हाफ डे टाकून निघालो. अंजूरफाट्याचं ट्रॅफिक, ठाण्याहून लोकलने घाटकोपर, मेट्रोने आझादनगर. एवढा खटाटोप करून बघितलं काय, तर बदली खेळाडू म्हणून आलेल्या सुनील छेत्रीचा गोल. बेंगळुरू १-०.

पाच दिवसांनी बेंगळुरूमध्ये मुंबईने २-१ असं जिंकून एकूण स्कोअर बरोबरीत आणला. बरोबरीचा गोल मेहताब सिंगचा. मग शूटआउट. ९-८ ने मुंबई हरली आणि गुरप्रीतने अडवलेली पेनल्टीही मेहताबचीच! कप शेवटी एटीके मोहन बागानने नेला. साखळीत बागान आणि बेंगळुरू दोघांचे पॉइंट्स होते ३४, म्हणजे मुंबईपेक्षा तब्बल १२ कमी.

‘लुटलं रे लुटलं,’ असं म्हणत आम्ही वर्षभर फिरलो. पण थांबा, पिक्चर अभी बाकी है.

१५ एप्रिल २०२४. कोलकात्यात साखळीची शेवटची मॅच, मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. नुसती बरोबरी झाली असती तरी शील्ड मुंबईची होती. बागानने २-१ ने जिंकलं. त्यांचे ४८ पॉइंट्स, आपले ४७. मग सेमीफायनलला गोव्यात ०-२ ने मागे असताना मुंबईने शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल ठोकले. ४ मे रोजी त्याच कोलकात्यात, त्याच बागानविरुद्ध फायनल. पहिल्या हाफला ०-१, शेवटी ३-१. कप मुंबईचा!

त्या रात्री आम्ही नाक्यावर नाचत होतो. ‘पण टेबलमध्ये तर बागान पहिलं होतं ना?’ असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. प्लेऑफ अन्यायकारक असतो हे आपल्याला बहुतेक वेळा आपली टीम हरल्यावरच सुचतं. अस्मादिकही त्यातलेच.

सचिनचे २० पॉइंट्स

आयपीएलवाल्यांना ही जखम जुनी आहे. २०१० मध्ये सचिनच्या मुंबई इंडियन्सने साखळीत २० पॉइंट्स काढले. चेन्नईचे होते १४, आणि १४ पॉइंट्सवर अडकलेल्या टीमच्या गर्दीतून ते रनरेटवर वर आले होते. २५ एप्रिलला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर फायनल झाली आणि धोनीची टीम २२ रन्सनी जिंकली. त्या सीझनमध्ये सर्वांत जास्त रन्स सचिनचे होते, ६१८. ट्रॉफी मात्र गेली चेन्नईला.

पुढच्याच वर्षी आयपीएलने फॉरमॅट बदलला. प्लेऑफ ठेवला, पण टेबलमधल्या पहिल्या दोन टीमना दोन संधी दिल्या. क्वालिफायर वन हरलात तरी दुसऱ्या दाराने फायनल गाठता येते. तिसऱ्या-चौथ्याला ती चैन नाही. २०१३ मध्ये मुंबई टेबलमध्ये दुसरी होती. क्वालिफायरमध्ये चेन्नईकडून हरली, दुसऱ्या संधीत राजस्थानला हरवलं आणि फायनलमध्ये चेन्नईलाच लोळवून पहिली ट्रॉफी जिंकली. ती दुसरी संधी कुणी खिरापत म्हणून वाटली नव्हती. ती साखळीत कमावलेली होती.

प्लेऑफवाल्यांचंही ऐका

आता दुसरी बाजू. प्लेऑफ नसता तर काही भन्नाट गोष्टी घडल्याच नसत्या.

२००६-०७ च्या रणजी सीझनमध्ये अमोल मुझुमदारची मुंबई पहिल्या तिन्ही मॅच हरली होती. नुसत्या टेबलवर गेलो असतो तर तिथेच बोऱ्या वाजला असता. ती टीम धडपडत सेमीफायनलला पोचली. तिथे बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात शून्यावर पाच विकेट्स गेल्या. हो, शून्यावर पाच! तरीही मॅच जिंकली आणि वानखेडेवर बंगालला हरवून रणजी करंडकही.

२०१०-११ ची गोष्ट तर याहून भारी. राजस्थान तेव्हा प्लेट गटात, म्हणजे खालच्या वर्गात होतं. कॅप्टन होता आपला पुण्याचा हृषिकेश कानिटकर. प्लेटमधून वर आलेल्या या टीमने बाद फेरीत एलिटवाल्यांना गुंडाळलं आणि पहिल्यांदाच रणजी जिंकली. खालच्या बाकावरच्या पोराला दिलेली एक संधी काय करू शकते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

रणजीत प्लेऑफ लागतो त्यामागे एक सरळ कारणही आहे. एवढ्या सगळ्या टीम एकमेकींशी खेळूच शकत नाहीत. वेगवेगळ्या गटांतल्या टेबलांची तुलना करणार कशी? कुठेतरी समोरासमोर यावंच लागतं.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (त्यांचा तो हेल्मेटवाला) हाच तर जुना वाद. वरच्या स्तरावर सव्वाशेहून जास्त कॉलेजं आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम डझनभर मॅच. तिथे वर्षानुवर्षं चॅम्पियन ठरायचा तो पत्रकार आणि कोच यांच्या मतांवर. १९९८ पासून मतं आणि कॉम्प्युटरचं गणित मिळून दोन टीम निवडायला लागले. २००४ मध्ये ऑबर्न एकही मॅच हरलं नाही, तरी त्यांना फायनलचं तिकीट मिळालं नाही! अखेर २०१४ च्या सीझनपासून चार टीमचा प्लेऑफ आला आणि २०२४ पासून तो बारा टीमचा झाला. बाराच्या त्या पहिल्याच प्लेऑफमध्ये जिंकलं कोण? आठवं मानांकन असलेलं ओहायो स्टेट. सीझनमध्ये दोन मॅच हरलेली टीम. म्हणजे एक अन्याय मिटवायला गेले आणि दुसरा वाद दारात हजर.

मग आम्ही काय करायचं?

एवढी उदाहरणं चाळल्यावर माझा फंडा क्लिअर झाला. सगळ्या टीम एकमेकींशी दोनदा, आपापल्या मैदानावर एकदा-एकदा खेळल्या असतील, तर टेबल हाच निकाल. तो पुन्हा तपासायची गरज नाही. पण टीम खूप आणि मॅच कमी असतील, तर टेबल अर्धवट बोलतं आणि प्लेऑफ लागतोच.

इंडियन सुपर लीगचंच बघा. कराराच्या घोळात अडकलेला २०२५-२६ चा सीझन १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू करायचं ठरलं. १४ क्लब, ९१ मॅच. कॅल्क्युलेटर काढा. प्रत्येकाने प्रत्येकाशी फक्त एकदा खेळायचं म्हटलं की बरोबर ९१ होतात. म्हणजे तगड्या टीमशी तुमची मॅच घरच्या मैदानावर की बाहेर, हे वेळापत्रक ठरवणार. नुसती साखळी असली म्हणजे आपोआप न्याय होतो, असंही नाही.

आणि प्लेऑफ घ्यायचाच असेल, तर वर्षभराच्या मेहनतीला काहीतरी वजन द्या. २०२३ मध्ये मुंबई टेबलमध्ये पहिली असूनही परतीची लढत आणि शूटआउट प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर झालं, हे मला आजही खुपतं. अप्रेजलसारखंच आहे हे. वर्षभर टार्गेट पूर्ण करणाऱ्याला एका फसलेल्या प्रेझेंटेशनवरून शून्य देऊ नये. आणि वर्षभर झोपून शेवटच्या दिवशी चमकणाऱ्याला एकदम नंबर वनही करू नये.

मतदानाआधी चार प्रश्न

• सगळे सगळ्यांशी खेळले का? नसतील, तर प्लेऑफ हवाच.
• प्लेऑफमध्ये किती टीम? आठातल्या चार म्हणजे निम्मी लीग पास. मग साखळीत जीव तोडून खेळायचं कशाला?
• पहिल्या नंबरला काय मिळणार? दुसरी संधी, बरोबरी झाल्यास थेट फायनल की नुसत्या टाळ्या?
• ट्रॉफी किती? साखळीची एक आणि फायनलची एक, अशा दोन ठेवल्या तर दोघांचाही मान राहतो.

ग्रुपवर मी हेच मांडलं. आठ टीम, दोन फेऱ्या, प्रत्येकी १४ मॅच. टेबलमध्ये पहिली येणारी टीम लीग चॅम्पियन, मोठी ट्रॉफी तिची. त्यानंतर एका शनिवारी बाद पद्धतीचा वेगळा कप, सगळ्या आठही टीमना खुला. त्यात शेवटच्या नंबरलाही कानिटकरची राजस्थान व्हायचा पूर्ण हक्क.

मतदान झालं, ५ विरुद्ध ३. प्रस्ताव पास. विरोधात गेलेल्या तीन मतांत एक त्या दहा पॉइंटवाल्यांचं होतं, हे सांगायला नकोच. त्यांच्या कॅप्टनने खाली एवढंच लिहिलं, ‘ट्रॉफी परत मिळणार नाही.’

नकोच आहे. मात्र पुढच्या सीझनला सेमीफायनल नाही, मित्रा. चौदाच्या चौदा शनिवार खेळावं लागेल. आमचा गोलकीपर आत्तापासून केळी खायला लागलाय.